घरच्या कपड्यांना खूण नसते

रविवारी आमच्या लाँड्रीची भट्टी पेटत नसे. बाकीचे सहा दिवस घरभर वाफेचा आवाज असायचा आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलायची आम्हां सगळ्यांना सवय लागलेली. त्यामुळे रविवारी सकाळी पहिला तासभर आम्ही उगाचच ओरडून बोलायचो. मग एकेकाच्या लक्षात यायचं आणि घर हळूहळू खालच्या सुरात यायचं. त्या रविवारी मात्र कुणी ओरडलंच नाही. सासूबाईंनी कपडे निवडायच्या लांब टेबलावर धुतलेली चादर अंथरली, मी बशा मांडल्या, आणि एक बशी, एक कप, एक चमचा उचलून खिडकीजवळच्या इस्त्रीच्या टेबलावर नेऊन ठेवला. ती भावजींची जागा. तीन आठवडे ते तिथे एकटे जेवत होते.

वर गच्चीवर शनिवारच्या शेवटच्या चादरी वाळत होत्या. जिन्यावरच्या काचेतून त्यांचा पांढरा उजेड खाली उतरायचा आणि वारा सुटला की टेबलावरून, भिंतीवरून, आमच्या हातांवरून सरकत जायचा. पाण्याखाली बसल्यासारखं वाटायचं. आता माझे डोळे अधू झालेत, पण तो उजेड मला अजून पहाटेच्या झोपेत दिसतो, आणि त्यात सगळे आपापल्या जागी बसलेले असतात.

"पाचची बस आहे," हे म्हणाले. त्यांनी पाव मोडला, पण खाल्ला नाही.

"पाचच्या बसला गर्दी नसते," सासूबाई म्हणाल्या. "बरी आहे."

एवढंच बोलणं झालं. भावजी खिडकीकडे तोंड करून चहा पीत राहिले.

धाकटी, म्हणजे माझी जाऊ, आतून दुधाचं भांडं घेऊन आली. तिला सहावा महिना लागला होता आणि ती चालताना एक हात कमरेवर ठेवायची. तिने टेबलावरून सगळ्यांच्या कपात दूध घातलं, मग इस्त्रीच्या टेबलाशी जाऊन नवऱ्याच्या कपात घातलं. "वर्षभर म्हणजे फारच झालं हो," ती सासूबाईंकडे न बघता म्हणाली. "त्या रोलर मशीनचं आणखी काय शिकायचं राहिलंय? बाळंतपणाला तरी येतील ना?"

सासूबाईंनी चादरीची सुरकुती तळहाताने सपाट केली. "बघू," त्या म्हणाल्या.

माझ्या हातून काय झालं ते इथे सांगायलाच हवं.

आमच्या लाँड्रीत खुणांचं काम माझं होतं. लग्न होऊन आले त्या आठवड्यात सासऱ्यांनी सुई हातात दिली, ती पुढे चाळीस वर्षं सुटली नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या कपड्यांच्या कोपऱ्याला लाल दोरा, हॉटेलच्या कपड्यांना निळा, घरगुती गिऱ्हाइकांना पिवळा आणि गाठींची संख्या ज्याची त्याची. कुठलाही कपडा उचलला की कोपऱ्यावर बोट फिरवून मी डोळे मिटून सांगत असे कुणाचा ते. आणि घरच्या कपड्यांना खूण नसे. खूण नसणं हीच आमची खूण. कुठलाही बिनदोऱ्याचा सदरा सापडला की तो आपला, मग तो यांचा असो की भावजींचा; दोघांचं मापही एकच होतं.

भावजी दोन महिने दुसऱ्या गावी चादरींना इस्त्री करणारं नवीन रोलर मशीन चालवायला शिकून परत आले होते. आल्यावर महिना-दीड महिन्याने त्यांच्या तळहातांवर तांबूस ठिपके उठले. सोडा लागला असणार, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. लाँड्रीतल्या माणसाच्या हाताला दुसरं काय होणार? मी त्यांना मलम दिलं, रबरी हातमोजे दिले, आणि वर ऐकवलं की, "भावजी, तिकडे साहेबासारखे राहिलात, आता सोडा सोसत नाही तुम्हाला." ते हसले होते. मग एक दिवस ते गुपचूप एका डॉक्टरांकडे गेले आणि परत आल्यावर त्यांनी यांना कोळशाच्या खोलीत नेऊन काहीतरी सांगितलं. यांनी आईला सांगितलं. सासूबाईंनी मला सांगितलं, तेही अर्धंच. "बाहेरचा रोग घेऊन आलाय. चव्हाट्यावर गेलं तर हॉस्पिटल एक चादर देणार नाही आपल्याला. त्याचं सगळं वेगळं कर. धाकटीला सांग, डॉक्टर म्हणाले कातडीचं आहे, भांडी-कपडे तेवढे वेगळे ठेवायचे."

मी सगळं वेगळं केलं. वेगळी बादली, वेगळा साबण. आणि त्यांच्या टॉवेलला, सदऱ्यांना, उशीच्या अभ्र्याला कोपऱ्यात काळा दोरा घातला, कारण काळा कुणाचाच नव्हता. हात नेहमीच्या वेगाने चालत होता. दोन टाके, गाठ, दाताने तोड.

वन्सं अकराच्या सुमारास आल्या. त्या गावाच्या पलीकडच्या टोकाला सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. भिंतीआडून आत यावं लागतं अशा खोलीत त्यांची नेमणूक होती. तिथे लोक मान खाली घालून यायचे. लग्न केलं नाही, खोली घेऊन एकट्या राहायच्या, आणि दर रविवारी आठवड्याचे गणवेश गठ्ठ्यात बांधून घेऊन यायच्या. सासूबाई त्यांना "आलं आमचं फुकट गिऱ्हाईक" म्हणायच्या आणि त्यांच्यासाठी मलई बाजूला काढून ठेवायच्या. मागचे तीन रविवार मात्र ड्युटीमुळे त्या दारातच गठ्ठा देऊन गेल्या होत्या.

"काय, कुणी मेलंय का?" वन्संनी दारातूनच विचारलं. "एवढं शांत?" आणि इस्त्रीच्या टेबलाकडे बघून म्हणाल्या, "अरे, तुला शिक्षा झालीय?"

"हात बरे नाहीत," भावजी म्हणाले.

"हातांचं आणि जेवायच्या जागेचं काय?"

 वन्संनी कपड्यांचा गठ्ठा खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "वहिनी, मागच्या रविवारचे माझे गणवेश वरच असतील ना? चल, काढू."

गच्चीवर चादरींच्या सात रांगा होत्या. त्यांच्यामधून चालताना दोन्ही बाजूंना फक्त पांढरं दिसायचं, आणि कुणी पुढच्या रांगेत असलं तर त्याची निळसर सावली. आवाज मात्र स्पष्ट यायचे, जवळ असल्यासारखे. वन्सं पुढे होत्या. शेवटच्या रांगेपाशी, पाण्याच्या टाकीमागे एका लहान दोरीवर एकच टॉवेल आणि दोन सदरे होते. त्यांनी टॉवेलचा कोपरा उचलून बोटाने चाचपला, मग सदऱ्याचा. त्याही याच घरात वाढलेल्या.

"हा काळा कुणाचा?"

मी शेजारच्या दोरीवरचा एक चिमटा काढला.

"वहिनी, सदरा घरचा आहे. काळा कुणाचा?"

मग मी सांगितलं. जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं आणि सांगताना त्यांच्याकडे न बघता चिमटे गोळा करत राहिले. वन्संनी मला अडवलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "ठिपके खाजतात का?"

"नाही म्हणतात."

"तळपायांना आहेत?"

मी विचार केला. आहेत, मी पाहिले होते. भावजी अनवाणी फिरत, पाय वर करून बसत.

"सोड्याने आग होते, खाजतं. आणि तळपायाला सोडा लावायला तो काय पायाने कपडे धुतो?" वन्सं सदऱ्याचा कोपरा सोडून म्हणाल्या. "सिफिलिस असणार. डॉक्टरांनी पेनिसिलीनची सुई लिहून दिली असेल. घेतली?"

"ठिपके जायला लागले. म्हणून मग..."

"ते जातातच. आपोआप जातात. आजार नाही जात, तो आत दबा धरून बसतो." त्यांनी टॉवेल दोरीवरून काढला, घडी घातली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. मी नकळत एक पाऊल मागे सरले. ते त्यांनी पाहिलं आणि त्यांना हसू आलं.

"तुला किती वर्षं झाली इथे?"

"नऊ."

"नऊ वर्षं हॉस्पिटलच्या लाल दोऱ्याच्या चादरी धुतेस. त्यांत माझ्याकडून तिकडे पाठवलेल्या पेशंटांच्याही असतात. तुला काय झालं?"

"आपण उकळून काढतो."

"उकळण्याआधी निवडतेस. हातानेच ना? अगं, टॉवेलने नाही जात हा. कपाने नाही, चमच्याने नाही, बादलीने नाही. अंगाबाहेर याचा जीव एवढासा, वाळला की संपला. माणसाच्या फोडाला दुसऱ्याचं अंग लागलं की जातो. बाई-पुरुष एकत्र आले की जातो. रक्तातून जातो. आणि..." इथे त्या थांबल्या. वारा आला, सगळ्या रांगा एकदम फुगल्या आणि परत खाली बसल्या. "वहिनी, कप वेगळा केलात. टॉवेल वेगळा केलात. अंथरूण?"

मला आजही आठवतं, माझ्या हातात सहा चिमटे होते.

अंथरूण एकच होतं. ते वेगळं करायचं तर धाकटीला कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण या घरात कुणाच्या तोंडून निघणार नव्हतं. म्हणून आम्ही उशीच्या अभ्र्याला काळा दोरा घातला होता, आणि त्या उशीशेजारी रोज ती निजत होती.

"आईकडून पोटातल्या बाळाला जातो," वन्सं म्हणाल्या. "धाकटीचं रक्त कुणी तपासलं?"

भावजी तेव्हा काय करत होते ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, केस पिकल्यावर. ते खाली कोळशाच्या खोलीत बॅग भरत होते. सदऱ्यांच्या घड्या घालताना प्रत्येक कोपऱ्यात काळा दोरा लागत होता आणि त्यांना बरं वाटत होतं. "खरंच बरं वाटत होतं, वहिनी. वाटायचं, शिक्षा चालू आहे म्हणजे हिशेब कुठेतरी मिटतोय. मी एकटा जेवतोय म्हणजे तिला काही होणार नाही." त्या गावी एकाच रात्रीची गोष्ट, परत कधी नाही, असं ते म्हणाले. मी खोलात शिरले नाही. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी बुटात घालून ठेवली होती. दवाखान्यात सुई घ्यायला गेलं तर तिथे सख्खी बहीण उभी असणार, या एका भीतीने ते गेले नव्हते.

बशा अजून टेबलावरच होत्या. खाली आल्यावर वन्संनी भावजींना बोलावून घेतलं आणि कुणाला उठू दिलं नाही. धाकटीला त्यांनी गच्चीवर पाठवलं, "माझे गणवेश घडी घालून ठेवशील? सावकाश, बसून." मग तो टॉवेल टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हे काय ठेवलंस?" सासूबाई म्हणाल्या. "उचल ते."

"का? चावतो?"

"तुला कुणी सांगितलं?"

"दोऱ्याने सांगितलं. आई, तुम्ही याला कुठे पाठवताय?"

"तो स्वतः जातोय."

"आणि त्याचं औषध?"

सासूबाई दाराकडे बघत राहिल्या. त्यांच्या मनात त्या क्षणी काय होतं ते मला सांगावं लागत नाही. पुढे त्यांच्याच आजारपणात रात्री जागताना त्या ते पुन्हा पुन्हा बोलत. नवरा गेल्यावर त्यांनी ही भट्टी एकटीने चालवली होती. स्वच्छता हीच त्यांची अब्रू. ज्या घरात गावाचे डाग धुतले जातात त्या घरावर डाग पडला तर काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना ठाऊक असलेली एकच रीत होती: डागाळलेला कपडा बाजूला काढायचा.

"मी एक विचारू?" हे म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "महिन्यापूर्वी मी चुकून याचा सदरा घातला होता. दिवसभर."

"काही होत नाही."

"घामाने?"

"नाही, दादा."

"आणि संडास तर एकच आहे."

"त्यानेही नाही. तिथून आजार आणला असं सांगणारे माझ्याकडे रोज चार येतात. चारही खोटं बोलतात."

कोपऱ्यातून भावजींना हसू फुटलं आणि त्यांनी लगेच ते दाबलं. सासूबाईंनी विचारलं, अगदी हळू, "शिंकेने?"

"आई, ते सर्दीचं. आणि कपाचं म्हणाल तर," वन्संनी उठून इस्त्रीच्या टेबलावरची बशी, कप, चमचा उचलून आणला आणि लांब टेबलावर, आपल्या आणि यांच्या मध्ये ठेवला, "तीन आठवडे तुम्ही ज्याच्यापासून जपलंत त्याने कुणालाच काही होणार नव्हतं. जिला होणार होतं तिला तुम्ही सांगितलं, कातडीचं आहे."

टेबलावरून पांढरा उजेड सरकत गेला. 

"बाळाला काय होतं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

"उपचार नाही केले तर पोटातच जाऊ शकतं. किंवा आजार घेऊन जन्मतं. पण सुई आहे. आईला दिलेली सुई बाळापर्यंत पोहोचते. अजून वेळ आहे, पण वर्षभर नाही. उद्या." त्या भावजींकडे वळल्या. "तुला आधी घ्यायची, आणि तिचं रक्त बघायचं. दोघांचे उपचार एकाच वेळी. नाहीतर तू बरा होशील आणि तिच्याकडून परत घेशील."

"तू सांग तिला," भावजी म्हणाले. "तू नर्स आहेस. तुला येतं सांगता."

"मला आजार सांगता येतो. तो सांगेन मी. आधीचं तू सांगायचं."

"मी नाही सांगू शकत, ताई."

"मग पाचची बस पकड," वन्सं म्हणाल्या. "मी तिला उद्या घेऊन जाईन. पण ती विचारेल की तू कुठे आहेस, तर मी खोटं बोलणार नाही."

 भावजींनी बूट काढले, आतून ती चिठ्ठी काढली, घडी मोडून सपाट केली आणि अनवाणीच जिना चढून गेले.

आम्ही चौघं खाली बसून राहिलो. जिन्यावरच्या काचेतून चादरींवरच्या सावल्या दिसत होत्या. एक सावली बसलेली, पोटाशी वाकलेली, घडी घालणारी. दुसरी लांबून येऊन उभी राहिली. तोंडं दिसत नव्हती आणि शब्द ऐकू येत नव्हते. भट्टी बंद असूनही नव्हते. बसलेल्या सावलीचे हात चालत होते, मग थांबले. वारा आला आणि चादर हलली, तेव्हा दोन्ही सावल्या एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसल्या, पण ते वाऱ्याने. चादर सरळ झाली तेव्हा त्या होत्या तिथेच होत्या. सासूबाईंनी हाताखालची चादरीची सुरकुती किती वेळा सपाट केली असेल.

धाकटीने मला पुढे सांगितलं की त्यांचे शब्द तिला नंतर आठवतच नाहीत. आठवतं ते एवढंच की तिच्या हातातला गणवेश ओलसर होता, म्हणजे तो अजून वाळला नव्हता, आणि ती स्वतःला सांगत होती, हा परत दोरीवर घालायला हवा.

ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा कोरा होता. भावजी मागे जिन्यातच थांबले. ती आमच्यापैकी एकेकाकडे बघत गेली: यांच्याकडे, सासूबाईंकडे, माझ्याकडे. सगळ्यांना ठाऊक होतं, हे तिला तेव्हा कळलं.

"वन्सं, दवाखाना किती वाजता उघडतो?"

"आठला. मी साडेसातला कोपऱ्यावर असेन."

"बरं." मग ती माझ्याकडे वळली. रागाने नाही, कामाचं विचारावं तसं तिने विचारलं, "जाऊबाई, माझ्या कपड्यांनाही काळाच दोरा घालणार, की दुसरा रंग आहे?"

 मी कात्री आणली. टेबलावरच्या टॉवेलचा कोपरा ओढून घेतला आणि टाका कापला. मग भावजींची बॅग ओढली, सगळे सदरे बाहेर काढले आणि एकेक कोपरा उसवत बसले. हाताला नेहमीचा वेग सापडत नव्हता. घालताना सापडला होता. थोड्या वेळाने धाकटी समोरच्या खुर्चीवर बसली आणि उसवलेले दोरे बोटाने एका जागी गोळा करू लागली.  माझं तिच्याशी नातं तिथून पुढे जे काही झालं ते त्या काळ्या ढिगाऱ्यापासून सुरू झालं.

"वर माझ्या खोलीत निजेल ती," सासूबाई अचानक म्हणाल्या. "औषध पुरं होईपर्यंत."

"औषध पुरं होईपर्यंत कशाला," धाकटी दोरे गोळा करत म्हणाली. "मला वाटेल तोपर्यंत."

सासूबाईंच्या शब्दावर शब्द टाकलेला त्या घरात मी तोवर ऐकला नव्हता. त्यांनी मान हलवली. मग उठून भट्टीच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, आत गार पडलेल्या टाक्यांकडे बघत उभ्या राहिल्या, आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "उद्या भट्टी दुपारी पेटेल. मी पण येते दवाखान्यात."

"आई, सोमवार आहे," हे म्हणाले. "हॉस्पिटलचा गठ्ठा येतो सातला."

"थांबेल गठ्ठा."

सासरे गेले त्या दिवशीही भट्टी वेळेवर पेटली होती.

धाकटीचं रक्त तपासलं, त्यात निघालं. तिला सुया लागल्या, भावजींनाही लागल्या. दर वेळी सासूबाई सोबत गेल्या आणि भिंतीआडच्या त्या बाकावर मान वर करून बसल्या. थंडी सरता सरता मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं, पुन्हा तीन महिन्यांनी तपासलं, ठणठणीत होती. धाकटी पावणेदोन वर्षं सासूबाईंच्या खोलीत निजली. मग एक दिवस, कुणाला काही न सांगता, तिने आपली उशी उचलून खाली नेली. भावजींचा कप मात्र त्या रविवारपासून लांब टेबलावरच होता.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती सोमवारची सकाळ. साडेसातला मी खिडकीत उभी होते. रस्त्यावरून तिघं चालली होती: पुढे सासूबाई, त्यांच्या हाताला धरून धाकटी, दहा पावलं मागे भावजी, आणि कोपऱ्यावर वन्सं वाट बघत उभ्या. शेजारपाजारची माणसं दारात येऊन आमच्या धुराड्याकडे बघत होती, कारण त्यातून धूर निघत नव्हता. घरात एवढी शांतता होती की वर गच्चीवर दोरी करकरलेली ऐकू येत होती. आणि माझ्या हातात तो टॉवेल होता, कोपऱ्याला सुईची चार बारीक भोकं असलेला. मी तो उन्हाकडे धरला. भोकांतून उजेड येत होता. मग मी त्याची घडी घातली आणि यांच्या, माझ्या, सगळ्यांच्या टॉवेलांच्या चळतीत मधोमध ठेवला. दुपारी भट्टी पेटली तेव्हा त्यांतला तो कुठला, ते मला स्वतःलाच सांगता आलं नसतं.